पटावर नसलेली तीन सत्रं

१२ मे, रविवार

सकाळी चर्च. घरी येऊन मऊ पावासारखी बिस्किटं आणि त्यावर सॉसेजची पांढरी ग्रेव्ही. गुडघा बरा आहे.

रोवेना अ‍ॅम्ब्युलन्सची चोवीस तासांची ड्युटी करून आली आणि झोपायचं सोडून मेडिकलचा अर्ज उघडून बसली. तो महिनाअखेरीला पाठवता येतो आणि जो आधी पोचतो तो आधी वाचतात, म्हणून ही घाई.

दोन वर्षांपूर्वी माझ्या या नातीने सात कॉलेजांना अर्ज केला होता. सातही ठिकाणांहून नकार. एका कॉलेजातल्या बाईने फोनवर भलेपणाने कारण सांगितलं. दुसऱ्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्रात 'डी' आहे, ज्या विषयावर डॉक्टरकी उभी तोच कच्चा, तेव्हा तो येतो हे दाखवा. त्या वसंतात माझी बायको आयडेल हॉस्पिटलात शेवटच्या आजारात होती. पोरगी आजीच्या उशाशी पुस्तक उघडून बसायची, पान काही उलटायचं नाही. हे गुणपत्रिकेत कुठे लिहिणार?

त्यानंतर रोवेना तीन सत्रं इथल्या कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या ऑस्ट्रँडर बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. नाव नोंदवलं नाही, नुसतं ऐकायला. मीच बाईंना विचारलं होतं. विज्ञानाची ती इमारत मी एकतीस वर्षं झाडली-पुसली, गेल्या नाताळात निवृत्त झालो. माझी शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण वर्गाच्या दाराच्या फटीतून. पण जे शिकलो ते पक्कं.

आजचा प्रश्न असा, की हे अर्जात सांगायचं का?

"आजोबा, पंधरा चौकटी आहेत. आजवर काय केलं ते एकेकीत लिहायचं. चौदा भरल्या."

"मग पंधरावीत वर्गाचं लिही. त्यात विचार कसला?"

"मी वर्गात होते याला पुरावा काय?"

"मी आहे की!"

ती हसली. "तुम्ही माझे आजोबा. तुम्ही पुरावा नव्हे, टाळ्या वाजवणारे."

तिला ठाऊक नाही, माझ्याकडे पुरावा आहे. कामावर असताना रोज बॉयलरचं तापमान आणि फुटलेल्या काचा लिहायची सवय होती. त्याच वहीत ती वर्गाला आली की नाही हेही लिहीत होतो. एकशे सव्वीस तासांपैकी सत्त्याण्णव.

२१ मे, मंगळवार

कॉलेजच्या सल्लागाराकडे गेलो, ग्लेन ट्रिप त्याचं नाव. गाडी माझी म्हणून मीही आत जाऊन बसलो.

ट्रिप म्हणाला, "विषयांच्या यादीत घातलंत तर गुणपत्रिकेशी ताळा बसणार नाही. अर्ज परत येईल, दीड महिना फुकट. आणि चौकटीत घातलंत तर वाचणारा पहिला प्रश्न हाच विचारणार, की तीन सत्रं बसलात तर नाव का नाही नोंदवलंत?"

रोवेना म्हणाली, "ड्युटीमुळे. दर तिसऱ्या दिवशी चोवीस तास असतात. हजेरी भरली नसती."

ट्रिप म्हणाला, "हं. विचारलं तर हे उत्तर द्या. पण न विचारता देऊ नका. झाकली मूठ झाकलेलीच बरी."

मला राहवेना. "शिकलेलं लपवायचं? हा कुठला न्याय?"

"मिस्टर कॉडिल, वीस वर्षं हेच करतोय. ज्याचा कागद नाही, ते घडलेलं नाही."

परतताना मी म्हटलं, "याच्या लग्नाचा कागद हरवला तर बायको माहेरी जाईल वाटतं." एरवी अशा बोलण्यावर ती हसते. आज खिडकीबाहेर बघत होती.

२४ मे, शुक्रवार

रोवेनाने ऑस्ट्रँडर बाईंकडे शिफारसपत्र मागितलं. बाई नाही म्हणाल्या.

"काय म्हणाल्या नक्की?"

"म्हणाल्या, 'काय लिहू? ही मुलगी फार छान मान हलवते, असं? तुझा एक पेपर मी तपासलेला नाही.'"

बाई गोड बोलणाऱ्यातल्या नाहीत. पण माझ्या ओल्या फरशीवरून बूट घालून कधी न गेलेल्या त्या एकट्या प्रोफेसर, म्हणून मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. तरी वाईट वाटलं.

३० मे, गुरुवार

अर्ज गेला. अकरा कॉलेजं. पंधरावी चौकट रिकामी.

मी म्हटलं, "ताटात वाढलेलं कुणी उष्टं टाकतं का असं?" ती म्हणाली, "आजोबा, पुरे." तिच्या आवाजात धार होती. तिची आई टेनेसीत दुसरा संसार थाटायला गेली तेव्हा ही सहा वर्षांची होती. तेव्हापासून आजवर माझ्याशी अशी बोलली नव्हती.

८ जुलै, सोमवार

आज जे केलं ते इथेच लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

राज्याचं मोठं मेडिकल कॉलेज इथून चार तासांवर आहे. आमच्यासारख्या डोंगरातल्या मुलांना घेऊन डॉक्टर करून पुन्हा डोंगरात पाठवतात. रोवेनाचा जीव त्यातच अडकलाय, बाकीची दहा नुसती तोंडी लावायला. त्या कॉलेजाने आणखी एक अर्ज पाठवला. शेवटचा प्रश्न होता, आणखी काही सांगायचं आहे का? तिने लिहिलं, 'नाही.'

नाही! सत्त्याण्णव तास, आणि नाही!

ती ड्युटीवर गेली. मी चांगला कागद काढला, आयडेलचं पेन काढलं आणि प्रवेश समितीला पत्र लिहिलं. दोन पानं झाली. तारखांसकट सगळी हजेरी दिली. बर्फात ती कशी चालत आली, ड्युटीचे बूट तसेच घालून कशी बसली ते लिहिलं. शेवटचा परिच्छेद मला फार साधला. मी लिहिलं:

'आजकालची मुलं मार्कांमागे धावतात. माझी नात तशी नाही. मी एकदा तिला नाव नोंदव म्हटलं, तर म्हणाली, आजोबा, नाव नोंदवलं की मार्क लिहिला जातो, आणि एकदा लिहिलेला मार्क मरेपर्यंत पाठ सोडत नाही. साहेब, तिला मार्क नको होता, विद्या हवी होती. अशी मुलगी तुम्हाला दुसरी मिळायची नाही.'

वाचून माझेच डोळे भरले. नक्कल काढून ठेवली आणि पत्र पोस्टात टाकलं. सांगेन तिला, जागा मिळाल्यावर.

१७ सप्टेंबर, मंगळवार

बोलावलं! दहा ठिकाणांहून एक तर नकार, नाहीतर चिडीचूप. पण त्या एका कॉलेजाने मुलाखतीला बोलावलं. रोवेनाने अंगणातच मला गच्च मिठी मारली.

"मला वाटलंच नव्हतं, आजोबा!"

"मला वाटलं होतं," मी म्हटलं. ती समजली नाही. मी मनात म्हटलं, थर्मन, तुझं अक्षर कामाला आलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

पहाटे निघालो. रोवेनाने राखाडी कोट घातला होता, बाही जरा लांब, पण शोभत होता. मी गाडीतच थांबलो, बोलोनी सॉसेजचं सँडविच खाल्लं, पाऊण वर्तमानपत्र वाचलं. तीन वाजता ती आली.

"कशी झाली?"

"झाली."

दोन तास एक शब्द नाही. मग अचानक म्हणाली, "आजोबा, तुम्ही त्यांना पत्र लिहिलं होतंत?"

म्हणजे पोचलं होतं तर! मी कबूल केलं. जरा फुशारकीनेच केलं म्हणा. "वाचलं का त्यांनी? काय म्हणाले?"

"वाचलं. डॉक्टर फेनिक म्हणून होते मुलाखत घ्यायला, त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद."

"तो बराच साधलाय."

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने गाडी बाजूला घ्यायला सांगितली, उतरली आणि कठड्याला धरून दहा मिनिटं पाठमोरी उभी राहिली. लहानपणीही तिला घाटात गाडी लागायची. आल्याच्या गोळ्या ठेवायला हव्या होत्या.

२ नोव्हेंबर, शनिवार

काही कळलेलं नाही. ती ड्युटी करते, येते, झोपते. जेवताना पुस्तक नाही की गप्पा नाहीत. साधा राजमा आणि मक्याची भाकरी करतो, तिला आवडते म्हणून. अर्धी टाकते.

१६ डिसेंबर, सोमवार

प्रतीक्षा यादी.

नकार नाही, होकारही नाही. जुलैपर्यंत कुणी जागा सोडली तर. पत्रात एक ओळ आहे, दरम्यान अभ्यासासंबंधी काही नवं असल्यास कळवावं.

रोवेनाने कागद घडी घालून फ्रीजवर ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे. मी अ‍ॅम्ब्युलन्सवर बरी आहे."

१८ डिसेंबर, बुधवार

आजचा दिवस माझ्या कपाळी कोरला गेला.

तिला न सांगता ऑस्ट्रँडर बाईंकडे गेलो. म्हटलं, आता तरी चार ओळी लिहा. आणि नमुना म्हणून माझ्या पत्राची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. खरं सांगायचं तर कौतुक व्हावं म्हणून ठेवली.

बाईंनी वाचलं. चष्मा काढला. पुन्हा लावून शेवटचा परिच्छेद परत वाचला.

"थर्मन, हे तुम्ही पाठवलंत?"

"जुलैतच."

"त्या समितीत मी नाही, पण अशा समित्यांवर बसलेय. या मुलीला एका विषयात 'डी' आहे. तो विषय येतो हे दाखव, असं तिला सांगितलं गेलं. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंत, की ती तीन सत्रं वर्गात बसली पण मार्क पडेल म्हणून नाव नोंदवलं नाही. तुम्ही कौतुक लिहिलंत. वाचणाऱ्याने कबुलीजबाब वाचला."

"पण ती मार्कांमागे धावत नाही असं…"

"ती मार्कांपासून पळते असं लिहिलंय तुम्ही. नीट वाचा."

मी वाचलं. खरंच तसंच लिहिलं होतं. हौसेने हात पुढे केला आणि अवलक्षण पदरात घेतलं. आणि हात तरी माझा कुठे होता? पोरीचा होता.

बाईंनी कॉफी पुढे केली. मी नक्कल उचलून खिशात घातली.

१९ डिसेंबर, गुरुवार

ती मुलाखतीहून येताना दोन तास गप्प होती. मी आल्याच्या गोळ्यांचा विचार करत होतो.

२२ डिसेंबर, रविवार

चर्चला गेलो नाही. रोवेना उठली, कॉफी घेतली. मी समोर बसून सगळं सांगितलं. बाई काय म्हणाल्या तेही. मी म्हटलं, "पोरी, मी तुझं वाटोळं केलं."

तिने कप बाजूला सारला.

"डॉक्टर फेनिकनी पत्र वाचून झाल्यावर एकच विचारलं, आजोबा. 'ड्युटीमुळे की भीतीमुळे?' "

"मग?"

"मी म्हटलं, ड्युटीमुळे."

"खरंच होतं ना ते? दर तिसऱ्या दिवशी…"

"सत्त्याण्णव तास मी आले, आजोबा. तुम्हीच मोजलेत. हजेरीला तेवढे पुरत होते. मी पहिल्या आठवड्यातच पाहून ठेवलं होतं." तिचा आवाज फाटला. "पुन्हा 'डी' मिळाला असता तर? तोही लिहिला गेला असता. नुसतं ऐकत बसलं की कुणी नापास करत नाही. तुम्ही खरं लिहिलंत. खोटं मी बोलले, त्या माणसाच्या डोळ्यात बघून. आणि त्यांना कळलं."

मी म्हटलं, "भीती कुणाला नसते." ती म्हणाली, "अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मला नसते. हेच तर कळत नाही."

मलाही कळलं नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

रोवेनाने वसंत सत्रासाठी नाव नोंदवलं. शरीरक्रियाशास्त्र, तोच विषय, मार्कासकट. अ‍ॅम्ब्युलन्सवर शनिवार-रविवारची ड्युटी मागून घेतली. आणि कॉलेजाला पत्र लिहिलं. मोठं नाही, पाच ओळींचं. 'मुलाखतीत मी ड्युटीचं कारण सांगितलं. ते खरं नव्हतं. मला मार्काची भीती वाटत होती. या महिन्यात मी तो विषय रीतसर घेतला आहे. जो मार्क पडेल तो कळवीन.'

"पाठवू का, आजोबा?"

खोटं बोलले होते असं लेखी देणारी उमेदवार कोण घेईल? जिभेच्या टोकावर आलं होतं, झाकली मूठ. मग म्हटलं, "मला विचारू नकोस. माझ्या अकलेचा भाव बाजारात कळलाय."

ती हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. आणि बटण दाबलं.

१३ जानेवारी, सोमवार

वर्ग सुरू झाले. रोवेना सांगत होती, ऑस्ट्रँडर बाईंनी हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबून म्हटलं, "कॉडिल. आता तुझे पेपर माझ्या हातात येतील. मग लिहीन. चांगलंच लिहीन असं नाही." आणि वर्ग संपल्यावर, "ऐकलेलं आहे म्हणून सोपं जाईल असं समजू नकोस. ऐकणं वेगळं, उत्तर देणं वेगळं."

मेडिकल कॉलेजाकडून त्या पाच ओळींना उत्तर नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली चाचणी. शंभरात एकसष्ट.

एकसष्ट म्हणजे पुन्हा 'डी'च्याच उंबरठ्यावर. कागद टेबलावर पडला होता. मी आलो तेव्हा ती कोट घालून दारात उभी.

"कुठे निघालीस?"

"नाव काढून घ्यायला. शुक्रवारपर्यंत काढता येतं. गुणपत्रिकेत मार्क पडत नाही, नुसतं 'सोडला' असं येतं."

जा म्हणावं की नको? मागच्या खेपेला तोंड घातलं तेव्हा काय झालं ते समोर होतं. मी म्हटलं, "गाडीची किल्ली खुंटीला आहे," आणि भांडी घासायला लागलो. नळ पूर्ण सोडला, म्हणजे दाराचा आवाज ऐकू यायला नको.

भांडी संपली. मागे वळलो तर ती कोट घालूनच टेबलाशी बसली होती आणि चुकलेले प्रश्न लाल पेनाने पुन्हा सोडवत होती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी दिवसभर किल्लीकडे बघत होतो. ती तिथेच लटकत होती.

२० मार्च, गुरुवार

आता रोज संध्याकाळी आमचा वर्ग भरतो. पूर्वी मी तिला हृदय समजावून सांगायचो, रक्त कुठून येतं, कुठे जातं. कालपासून तिने उलटं केलं. "आजोबा, तुम्ही सांगू नका. मी सांगते, पुस्तक तुमच्या हातात. चुकले की थांबवा."

ती मूत्रपिंडावर बोलली. मी पुस्तकात बघत होतो. मला वाटायचं मूत्रपिंड मला येतं! एकतीस वर्षांत निदान तीस वेळा ऐकलंय. पण तिने मध्येच थांबून विचारलं, "बरोबर ना? मीठ इथून परत आत जातं?" आणि मला पुस्तकात बोट घालून शोधावं लागलं. ऐकताना सगळं ओळखीचं वाटतं, नातेवाइकांसारखं. नाव विचारलं की जीभ अडते.

दुसऱ्या चाचणीत अठ्ठ्याहत्तर.

७ मे, बुधवार

आज शेवटची परीक्षा. निम्मे मार्क याच पेपरवर.

तिला सोडलं. इमारतीत शिरताना तिने कोपराने दार ढकललं, हात गारठले होते म्हणाली. मे महिन्यात! मी बाहेर बाकावर बसलो. नव्या माणसाने फरशी बरी ठेवलीय, कोपरे सोडतो.

बसल्या बसल्या एक गंमत आठवली. मी तिथे एवढी वर्षं व्याख्यानं ऐकली, पण परीक्षेच्या आठवड्यात मी कधी त्या मजल्यावर जात नसे. वरचा मजला पुसायला काढायचो. का, ते आठवत नाही. बहुधा तिथे कचरा जास्त असे. एकदा जुन्या प्राचार्यांनी म्हटलं होतं, "थर्मन, तुला एवढं येतं तर एक सोपी परीक्षा दे, प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून घेतो." मी म्हटलं, मला कागदाचं काय करायचंय, माझं आहे ते बरं आहे. आयडेल त्या दिवशी माझ्याशी बोलली नव्हती. बायकांचं असंच असतं.

तीन तासांनी रोवेना बाहेर आली.

"झाली का?"

"मला एक प्रश्न आला नाही," ती म्हणाली. "पण बाकीचे आले की नाही हे मला माहीत आहे. आधी तेही माहीत नसायचं."

१३ मे, मंगळवार

'बी'.

'ए' नाही. मला 'ए' हवा होता, खोटं का सांगू? ती म्हणाली, "आजोबा, हा माझा आहे," आणि त्याच दुपारी कॉलेजाला कळवला. ऑस्ट्रँडर बाईंनी पत्र लिहिलं. आम्हाला दाखवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मान हलवण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

२६ जून, गुरुवार

काही नाही. रोवेनाने पुढच्या वर्षीच्या ड्युट्यांचं वेळापत्रक भरून दिलं. मी बघत नाही असं दाखवून बघितलं. सगळे आठवडे भरलेले होते.

९ जुलै, बुधवार

दुपारी फोन वाजला. आमच्या दरीत मोबाइल लागत नाही म्हणून अर्जात घरचाच नंबर आहे. मी ओसरीत घेवडा मोडत होतो. हातातल्या शेंगेसकट उचलला.

"रोवेना कॉडिल आहे का?" बाईमाणूस, मेडिकल कॉलेजातून.

"ड्युटीवर आहे, मॅडम. पाचला सुटते. निरोप देतो."

"तुम्ही तिचे आजोबा का? पत्र लिहिलेलं ते?"

आता काय सांगू! "हो, मॅडम. तोच मी."

तिकडे कागद चाळल्यासारखा आवाज आला. "आज समितीसमोर तिचा कागद आहे. तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?"

देवा, किती सांगायचं होतं! बर्फ होता, बूट होते, तो कोट घालून पुन्हा बसलेली संध्याकाळ होती. शुक्रवारभर खुंटीला लटकलेली किल्ली होती. आयडेलची उशी होती. मी हातातली शेंग इतकी दाबली की दाणे जमिनीवर सांडले.

"नाही, मॅडम," मी म्हटलं. "जे काय आहे ते तिलाच विचारा. ती खरं सांगेल."

ती म्हणाली, "बरं. पाचनंतर करते."

पाच वाजेपर्यंत मी टोपलीभर घेवडा मोडला. चार जणांचं घर असतं तरी एवढा लागला नसता. सव्वापाचला रोवेना आली, निळ्या गणवेशात, बुटांना चिखल. मी म्हटलं, "तुझा फोन येईल. त्या कॉलेजातून. मी काही बोललो नाही." तिने विचारलं, "अजिबात नाही?" "अजिबात नाही. डॉक्टरकीपेक्षा अवघड होतं."

फोन वाजला. ती आत गेली. मी ओसरीतच बसलो. दार उघडं होतं, ऐकू आलं असतं, म्हणून उठून अंगणाच्या टोकाला गेलो आणि कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो. शेजारच्या कोंबड्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या, तेरा.

मागून पावलं आली. ती पायरीवर बसली, टोपली पुढ्यात ओढली आणि एक शेंग घेऊन तिची शीर काढायला लागली. निम्मी शीर तशीच राहत होती. मी विचारलं नाही. शेजारी जाऊन बसलो.

पाच-सहा शेंगा झाल्यावर म्हणाली, "आजोबा, चार ऑगस्टला हजर व्हायचंय. पटावर नाव असेल माझं."

मी तिच्या हातातली शेंग घेतली. "मग तोवर हे नीट शीक," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंची शीर काढायची असते."